गोळ्यांची पिशवी

कोणी भाकरी थापत असाल, कोणी शिलाई मशीनवर बसला असाल, कोणी मोबाईलवर रेडिओ लावून कांद्याच्या वाफ्यात असाल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडं द्या. आजची गोष्ट इतिहासाची आहे, पण राजा-राणीची नाही. आपल्या घरात खुंटीला अडकवलेल्या गोळ्यांच्या पिशवीची आहे.

आम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता. पानिपत पाठ केलं, तह पाठ केले, सनावळ्या पाठ केल्या. पण गोळीच्या पाकिटावर लाल रेघ का असते, दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या आतून एकच कशा असतात, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. ते शिकवलं आमच्याच बचतगटातल्या एका ताईच्या लेकीनं. ती नर्सिंगला, म्हणजे जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या फीसाठी गटानं अंतर्गत कर्ज दिलं, तेव्हा दोघी-तिघी म्हणाल्या होत्या, "पोरीच्या शिक्षणाला एवढं कर्ज कशाला?" त्या कर्जाचं काय झालं ते शेवटी सांगतो.

आमची चूक

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. ह्या ताईच्या सासूबाई, आम्ही सगळ्या त्यांना आत्या म्हणतो, गुडघ्यांनी बेजार होत्या. बाजारच्या गावातल्या एका दवाखान्यातून त्यांनी दुखण्याच्या गोळ्या आणल्या होत्या. बैठकीला आल्या तेव्हा पायरी चढताना कण्हल्या. आम्ही पर्स उघडली आणि आमच्याकडचं दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट त्यांच्या हातावर ठेवलं. "ही घ्या आत्या, आम्हाला लगेच गुण येतो." पाकिटांचे रंग वेगळे, नावं वेगळी. आत्या दोन्ही घेत राहिल्या. बीपीची गोळी रोजची होतीच. वरून कांदा काढणीचं ऊन, आणि शेतात आडोसा नाही म्हणून पाणी कमी प्यायची आपली बायकांची जुनी सवय.

आठ-दहा दिवसांनी नात सुट्टीवर आली. आजीचं तोंड सुजलेलं, पोटात अन्न ठरेना. घरचे म्हणाले, ऊन लागलं असेल. त्या पोरीनं एकच विचारलं, "आजी, लघवी किती वेळा होते?" आत्या लाजल्या. मग म्हणाल्या, "कालपासून एकदाच झाली, तीही थोडी." पोरीनं पिशवी खाटेवर उपडी केली. दोन्ही पाकिटं उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाली, "ह्या दोन्ही गोळ्या एकमेकींच्या बहिणी आहेत. आधी बंद करा, आणि गाडी बोलवा."

जिल्ह्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं. मूत्रपिंडाला इजा झाली होती. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या थांबवल्या, बीपीचं औषधही काही दिवस बदललं, सलाईन लावलं. डायलिसिसची वेळ आली नाही. आत्या घरी आल्या, पण अजून ठरलेल्या मुदतीला रक्त तपासायला जावं लागतं. आम्हाला त्या कधी काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते पाकीट आम्ही चांगल्या मनानं दिलं होतं, पण न वाचता दिलं होतं.

त्यानंतरच्या बैठकीला आम्ही त्या पोरीला वही घेऊन बोलावलं. तिनं आम्हाला जे शिकवलं, आणि त्याच्या मागं आम्ही जे वाचून काढलं, ते आज सांगतो.

आडनावांची वही

पोरीच्या वहीत शेकडो औषधांची नावं. आम्ही म्हणालो, "एवढं पाठ कसं करतेस?" ती म्हणाली, "एकेक पाठ करत नाही, घराणं पाठ करते."

औषधाला दोन नावं असतात. एक कंपनीनं ठेवलेलं. दुसरं औषधाचं खरं नाव. एकच औषध दहा कंपन्या दहा नावांनी विकतात, पण खरं नाव सगळीकडं एकच. हे आपोआप झालं नाही. पूर्वी एकाच औषधाला एका देशात एक नाव, दुसऱ्या देशात दुसरं. १९५० साली जागतिक आरोग्य संघटनेनं ठराव केला की, जगभर प्रत्येक औषधाचं एक समान नाव असावं. १९५३ साली अशा नावांची पहिली यादी निघाली. त्यात एक मोठी सोय केली. एकाच घराण्यातल्या औषधांच्या नावाचा एक तुकडा, बहुतेक वेळा शेवटचा, सारखा ठेवला. आपल्याकडं आडनावावरून भावकी कळते, तसंच हे.

शेवटी 'सिलीन' आलं की पेनिसिलीनचं घराणं: अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन, क्लॉक्सासिलीन. 'फ्लॉक्सासिन' आलं तर वेगळ्या घराण्याची जंतूंवरची औषधं. 'ओलॉल', 'सार्टन', 'प्रिल', 'डिपिन' ही बीपीच्या गोळ्यांची चार वेगळी घराणी. 'प्राझोल' म्हणजे पित्ताची गोळी. 'स्टॅटिन' म्हणजे रक्तातली चरबी कमी करणारी. आणि 'फेनॅक' म्हणजे दुखण्यावरची: डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक.

आत्यांच्या एका पाकिटात एसिक्लोफेनॅक होती, आमच्या पाकिटात डायक्लोफेनॅक. आडनाव एकच.

घराणं कळलं की चार गोष्टी एकदम कळतात, असं पोरगी म्हणाली. औषध काय काम करतं, त्रास काय देऊ शकतं, कुणाला द्यायचं नाही, आणि कशाबरोबर द्यायचं नाही. 'प्रिल' आणि 'सार्टन' ही दोन्ही घराणी गरोदर बाईला चालत नाहीत, बाळाच्या मूत्रपिंडाला धोका असतो. एवढं माहीत असलं की नवीन नाव दिसलं तरी नर्स थांबून विचारते.

पण तिच्या बाईंनी एक तंबीही दिली आहे. आडनाव जुळलं म्हणजे नातं असतंच असं नाही. आपल्या गावातही एकाच आडनावाची दोन घरं असतात, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. पँटोप्राझोल पित्ताची गोळी आहे, आणि एरिपिप्राझोल मनाच्या आजारावरची. ऐकायला बहिणी, पण नातं काही नाही. म्हणून वाचायचं पूर्ण नाव, अर्धं नाही.

बुरशीचं औषध आणि सहा पोरी

आता ह्या घराण्यांतलं सगळ्यात नावाजलेलं घराणं बघू, पेनिसिलीनचं. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना दिसलं की, एका बशीत बुरशी आली आणि तिच्या आजूबाजूचे जंतू मेले. पण त्या बुरशीतून औषध काढायला आणखी दहा-बारा वर्षं गेली. ते काम ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांच्या मंडळींनी केलं. महायुद्ध चालू होतं, भांडी मिळेनात. मग बुरशी वाढवायला काय घेतलं? दवाखान्यातली बेडपॅन! पुढं त्याच आकाराची मातीची भांडी खास बनवून घेतली. आणि ती शेकडो भांडी रोज भरायची, धुवायची, त्यातला रस काढायचा, हे काम सहा तरुण मुली करायच्या. त्यांना पेनिसिलीन गर्ल्स म्हणत. नोबेल पारितोषिक १९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. मुलींची नावं फार कमी लोकांना माहीत आहेत.

१९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमधल्या एका पोलिसाला हे औषध दिलं. जंतूंनी त्याचं तोंड, डोळा सडत चालला होता. औषध दिल्यावर तो उठून बसायला लागला. पण औषध इतकं थोडं होतं की, त्याच्या लघवीतून बाहेर पडणारं पेनिसिलीन परत गाळून त्यालाच देत होते. शेवटी औषध संपलं, आजार उलटला, आणि तो गेला. औषध अर्धवट पडलं तर काय होतं, ते पहिल्याच रोग्यात दिसलं.

फ्लेमिंग यांनी नोबेलच्या भाषणात ह्याचीच काळजी बोलून दाखवली होती. कुणीही दुकानातून पेनिसिलीन घेईल, कमी घेईल, आणि जंतू मरण्याऐवजी शहाणे होतील, असा त्यांचा इशारा होता. आपण काय करतो? पोराचा ताप दोन दिवसांत उतरला की उरलेल्या गोळ्या पिशवीत ठेवतो, पुढच्या वेळी शेजारणीच्या पोराला देतो. १९४५ सालचा इशारा आपल्या खुंटीवरच्या पिशवीपर्यंत येऊन पोचतो तो असा.

हे घराणं आपल्याही दारात आलं. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं त्याला मदत केली. आपल्या देशातलं पेनिसिलीन आपल्या मातीत बनू लागलं.

एक गोष्ट ह्या घराण्याची लक्षात ठेवा. काही माणसांना पेनिसिलीन सोसत नाही. अंगावर गांध्या उठतात, धाप लागते, जीवही जाऊ शकतो. ज्याला एकदा असं झालं, त्यानं प्रत्येक दवाखान्यात आधी ते सांगायचं. आणि फक्त 'पेनिसिलीन' लक्षात ठेवून भागत नाही. अमॉक्सिसिलीनची साधी कॅप्सूलही त्याच घरातली.

गोड औषध, १९३७

आता थोडं अवघड ऐकायचं आहे. पेनिसिलीनच्या आधी सल्फा औषधं आली होती. जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी त्यातलं पहिलं औषध शोधलं. बाळंतरोगानं मरणाऱ्या बायका त्यानं वाचू लागल्या. मागणी वाढली. अमेरिकेतल्या एका कंपनीला वाटलं, गोळी गिळवत नाही, मुलांना पातळ औषध द्यावं. सल्फा पाण्यात नीट विरघळत नव्हतं. त्यांनी ते डायइथिलिन ग्लायकोल नावाच्या द्रवात विरघळवलं, रासबेरी फळाचा स्वाद घातला. रंग पाहिला, चव पाहिली, वास पाहिला. विषारी आहे का, ते पाहिलं नाही.

१९३७ च्या शरद ऋतूत शंभराहून अधिक माणसं मेली. त्यात कितीतरी लहान मुलं. आधी ओकाऱ्या, मग लघवी बंद, मग मूत्रपिंड निकामी. सरकारी माणसांनी दुकानं, दवाखाने, घरं पालथी घालून बाटल्या गोळा केल्या. पण त्या वेळच्या कायद्यात औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवण्याची सक्तीच नव्हती. कंपनीवर गुन्हा लागला तो नावाचा. 'एलिक्झिर' म्हटलं की त्यात दारूचा अंश हवा, आणि ह्यात तो नव्हता, एवढाच. दुसऱ्या वर्षी, १९३८ साली, तिथं नवा कायदा झाला. आधी सुरक्षित असल्याचं दाखवा, मग विका.

ते विष शोधून काढायच्या कामात शिकागो विद्यापीठात एक तरुण विद्यार्थिनी मदत करत होती. नाव फ्रान्सिस ओल्डम. तिला तिथं घेतलं तीही गंमतच. पत्रावर नाव वाचून प्राध्यापकांना ती पुरुष वाटली, आणि उत्तर आलं ते 'मिस्टर ओल्डम' म्हणून. तिनं विचार केला, चूक सुधारत बसावं का? तिच्या आधीच्या प्राध्यापकांनी सांगितलं, आलेलं काम घे. ती गेली. पुढं लग्नानंतर ती फ्रान्सिस केल्सी झाली. हे नाव ध्यानात ठेवा, ती परत येणार आहे.

'नाही' म्हणणारी बाई

१९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची गोळी आली. झोपेसाठी, आणि पुढं गरोदरपणातल्या मळमळीसाठीही. अगदी निर्धोक म्हणून तिची जाहिरात झाली, चिठ्ठीशिवाय मिळायची. चाळीसहून अधिक देशांत ती विकली गेली. आपल्याला ठाऊक आहे, उलट्यांनी हैराण झालेली पोटुशी बाई काय मागते. थोडा आराम. तेवढ्यासाठी बायकांनी ती घेतली. आणि मग हात नसलेली, पाय नसलेली बाळं जन्माला येऊ लागली. जगभरात दहा हजारांहून अधिक. त्या आयांना लोकांनी काय काय ऐकवलं असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. ग्रहण पाळलं नसेल म्हणणारे सगळ्या देशांत असतात.

अमेरिकेत मात्र ही गोळी बाजारात आली नाही. १९६० साली परवानगीचा अर्ज ज्या टेबलावर आला, तिथं फ्रान्सिस केल्सी बसल्या होत्या. नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. कंपनीची माणसं फोन करायची, भेटायला यायची, वर तक्रार करायची. त्या म्हणायच्या, पुरावा पुरेसा नाही, आणखी आणा. १९३७ ची ती मेलेली मुलं त्यांना माहीत होती. १९६१ च्या नोव्हेंबरात जर्मनीत गोळी मागं घ्यावी लागली आणि केल्सी यांचं म्हणणं खरं ठरलं. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्यांचा सन्मान केला, आणि त्याच वर्षी तिथला कायदा आणखी कडक झाला.

म्हणून आज गरोदर बाईला आशाताई दहा वेळा बजावतात, विचारल्याशिवाय गोळी नको. ती त्यांची कटकट नाही. त्या एका वाक्यामागं दहा हजार पाळणे आहेत.

आपल्याकडं काय झालं

आपल्या देशात इंग्रजांच्या काळात नकली आणि हलकी औषधं सर्रास विकली जायची. हिवतापावरच्या क्विनाइनमध्येही भेसळ. १९३० साली रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्या अहवालानंतर बऱ्याच वर्षांनी, १९४० साली औषधांचा कायदा आला, आणि १९४५ साली त्याचे नियम. पाकिटावर 'आरएक्स' अशी खूण आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये हा इशारा, हे सगळं त्या नियमांच्या झाडाला आलेलं फळ. २०१४ पासून काही अँटिबायोटिक, टीबीची आणि सवय लावणारी औषधं आणखी कडक यादीत घातली; ती विकली की मेडिकलवाल्यानं रोग्याचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहून ठेवायचं. २०१६ साली सरकारनं लोकांना सांगायला सुरुवात केली की, पाकिटावर उभी लाल रेघ दिसली तर ते औषध आपल्या मनानं घेऊ नका.

पण कायदा असून काय होतं, पाळायला माणूस लागतो. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रोगी दगावले. त्यांना ग्लिसरॉल, म्हणजे ग्लिसरीनचं औषध दिलं होतं. त्यात काय निघालं? डायइथिलिन ग्लायकोल. १९३७ चंच विष. तसंच लघवी बंद, तसंच मूत्रपिंड निकामी. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. औषध खरेदी करणारे, तपासणारे, परवाने देणारे आणि त्यांच्यावरचे राजकारणी, सगळ्यांवर आयोगानं बोट ठेवलं. बाटली रोग्यापर्यंत पोचायच्या आधी कितीतरी हातांतून गेली होती. एकाही हातानं ती थांबवली नाही.

आणि मैत्रिणींनो, ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, आपल्या नागपूरला लागूनच, खोकल्याच्या औषधानं वीसहून अधिक लहान मुलं गेली. कितीतरी मुलांना उपचाराला नागपुरातच आणलं होतं. औषधात तेच विष सापडलं. हे विष गोडसर असतं, दिसायला ग्लिसरीनसारखं पातळ, कारखान्यात वापरायचं आणि स्वस्त. घरी बसून आपल्याला ते ओळखू येणार नाही. आपल्या हातात एवढंच आहे: लहान मुलाला खोकल्याचं औषध डॉक्टरनं सांगितल्याशिवाय पाजायचं नाही, दुकानातून बिल घ्यायचं, बाटली टाकायची नाही, आणि औषध सुरू झाल्यावर मुलाची लघवी कमी झाली तर एक रात्रही थांबायचं नाही. सर्दी-खोकल्याच्या एका नेहमीच्या मिश्रणावर चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा छापायला सरकारनं २०२३ साली सांगितलं आहे. नायमेसुलाइड हे तापाचं औषध बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे.

गिधाडं कुठं गेली

आता परत 'फेनॅक'कडं येऊ. आमच्या बैठकीत पोरीनं आत्यांनाच विचारलं, "आजी, तुमच्या लहानपणी गिधाडं होती ना?" आत्या म्हणाल्या, "मेलेलं ढोर माळावर टाकलं की दुपारपर्यंत नुसती हाडं राहायची." मग ती कुठं गेली?

जनावरांना दुखण्यावर, तापावर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन द्यायला लागले. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडायचं. हे २००४ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ च्या मानानं शंभरातली एकही उरत नव्हती अशी गत झाली. २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केलं. पण पुढं कळलं की एसिक्लोफेनॅक गायी-म्हशीच्या अंगात गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनतं. म्हणून २०२३ साली जनावरांसाठी एसिक्लोफेनॅकही बंद झालं.

माणूस गिधाडाइतका नाजूक नाही. ह्या गोळ्या माणसाला चालतात, डॉक्टर देतात, गुणही येतो. पण वय झालेलं, बीपीची गोळी चालू, अंगात पाणी कमी, आणि वर एकाच घराण्याच्या दोन गोळ्या, असं सगळं एकत्र आलं तर मूत्रपिंडावर भार येतो. आत्यांच्या अंगात हे सगळं एकत्र आलं होतं, आणि त्यातली एक गोष्ट आमच्या हातानं गेली होती.

तीच गत पॅरासिटामॉलची. तापाची गोळी साधी, पण सर्दीच्या गोळीत तीच, अंगदुखीच्या मिश्रणातही तीच. तिन्ही घेतल्या तर मात्रा तिप्पट, आणि ती यकृताला बाधते.

नर्सचे पाच 'बरोबर'

पोरीच्या वहीच्या पहिल्या पानावर पाच ओळी आहेत. बरोबर माणूस, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर वाट, बरोबर वेळ. वाट म्हणजे तोंडानं, शिरेतून की स्नायूत. आणि औषधाचं नाव तीनदा वाचायचं: कपाटातून काढताना, ओतताना, आणि परत ठेवताना. आम्ही हसलो, "एवढं घोकायचं?" ती हसली नाही. म्हणाली, "वॉर्डात रात्री दोन वाजता डोळे मिटत असतात, एकाच नावाच्या दोन आज्या शेजारी झोपलेल्या असतात. तेव्हा घोकलेलंच कामी येतं."

ह्या कामाला आपल्याकडं फार मान नव्हता. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं पुण्यात सेवासदन उभं राहिलं. त्यांनी बायकांना, विधवांनाही, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. परक्याच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, हे काय बायकांचं काम? आमच्या गटातही शंभर वर्षांनी तोच सूर निघाला होता. आणि आत्यांचा जीव कशानं वाचला? लघवी किती झाली, हे न लाजता विचारणाऱ्या पोरीनं.

आम्ही काय ठरवलं

दर तीन महिन्यांनी एका बैठकीला प्रत्येकीनं घरातली गोळ्यांची पिशवी आणायची. आशाताईंना बोलवायचं. मुदत संपलेली बाजूला काढायची, नाव पुसलेली बाजूला काढायची. दवाखान्यात जाताना तीच पिशवी सोबत न्यायची आणि डॉक्टरपुढं ठेवायची, म्हणजे एकच घराणं दोनदा पोटात जाणार नाही. कुणाला काय सोसत नाही ते मोठ्या अक्षरात पिशवीवर लिहायचं. आणि स्वतःची गोळी दुसरीला द्यायची नाही, कितीही जीव कळवळला तरी.

ह्याचा अर्थ गोळ्या बंद करा असा नाही. आमच्या पहिल्या बैठकीनंतर एका ताईनं भिऊन बीपीची गोळीच सोडली, आणि चक्कर येऊन पडता पडता वाचली. बीपी, साखर, फीट, टीबी ह्यांची औषधं आपल्या मनानं थांबवायची नाहीत. वाचायचं, विचारायचं, आणि सांगितलं तसं घ्यायचं.

आता त्या कर्जाचं. गेल्या महिन्यात शेवटचा हप्ता आला. तो ताईनं नाही, आत्यांनी स्वतः आणून दिला, कोंबड्या विकून. वहीत अंगठा उठवला आणि आम्हाला म्हणाल्या, "आता पुढची कुणाची पोरगी शिकायची आहे, तिचं नाव लिहा."

नाव लिहिलं आहे. पुढच्या बैठकीला पिशवी आणायला विसरू नका.